डाव्या हाताचं कुंकू

मित्रांनो, आधी एक गोष्ट पक्की करून घेऊ. मी शिलाई मशीन नाही, स्टोव्ह नाही, आणि मिक्सर तर मुळीच नाही. परवा पाचवीतल्या एका शहाण्याने मला मिक्सर म्हटलं. तो राग अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. मी एक जुना प्रोजेक्टर आहे. माझ्यात फिल्मची रीळ घालायची, दिवा लावायचा, की समोरच्या भिंतीवर माणसं चालायला लागतात. सध्या माझा मुक्काम गिरणाकाठच्या करंजखेडे गावात, शाळेच्या कपाटात आहे. इथे मी कसा आलो आणि माझ्याकडून कोणतं पाप घडलं, ते आज सांगतो. हो, पापच. तोंड लपवून काय उपयोग?

चाळीसगावचे मगनभाऊ माझे मालक. त्यांचं फोटोचं दुकान होतं. यात्रांचे दिवस आले की मला पेटीत घालून, पेटी एसटीच्या टपावर चढवून ते गावोगाव न्यायचे. दोन बांबूंना पांढरं धोतर बांधलं की झाला पडदा! जागा पुरली नाही तर उरलेली माणसं पडद्याच्या मागे जाऊन बसत. मागच्यांना सगळं उलटं दिसायचं. नायकाचा भांग या बाजूचा त्या बाजूला जायचा, पण कुणाची हूं की चूं नाही. चित्र हलतंय ना, मग झालं! पोरं माझ्या उजेडात हात घालून ससे आणि कुत्रे करत, मगनभाऊ ओरडत, बायका हसत. अरे, काय ते दिवस होते! आठवले की अजून जीव गलबलतो.

मग चौऱ्याहत्तर साल उजाडलं. तेव्हा या भागात नवलनाना नावाचे पुढारी होते. पाटाच्या शेवटच्या गावांनाही पाणी मिळालं पाहिजे, म्हणून ते उभे राहिले होते. आमदार नव्हते, पण आमदारांना घाम फोडत. करंजखेड्याला त्यांची मोठी सभा झाली. मंचाच्या एका अंगाला मारुतीचं देऊळ, दुसऱ्या अंगाला चिंचेचं झाड. मंचाभोवती दोरी बांधून जागोजागी स्वयंसेवक उभे केले होते. सभेचं चित्रण करायला मुंबईहून एक कॅमेरावाला बोलावला होता. नाना बोलायला उभे राहिले आणि गोळी सुटली. नाना जागीच गेले. गोळी झाडणारा आठवड्याभरात सापडला, पण दोरीच्या आत त्याला कुणी सोडलं, ते त्याने मरेपर्यंत सांगितलं नाही.

सगळी माणसं एक गोष्ट एकमुखाने सांगत होती. गोळी चिंचेकडून आली. आता राहिला प्रश्न स्वयंसेवकांचा. चिंचेकडे कोण होता, ते कुणी कबूल करेना. उखर्डू नावाचा पंचविशीतला एक स्वयंसेवक होता, त्याला मारुतीकडे उभं केलं होतं. तो म्हणाला, "मी माझ्या जागेवरच होतो. आवाज झाला तसा नानांवर झेप घेतली."

सभा भरवणाऱ्या पाणी परिषदेने पाच जणांची समिती नेमली. महिन्याभराने फिल्म धुऊन आली, तशी समिती करंजखेड्यातल्याच पाटाच्या डाकबंगल्यात बसली आणि मगनभाऊंना मला घेऊन बोलावणं आलं. मगनभाऊ घाईत होते. हाताने रीळ गुंडाळताना फिल्मला पीळ पडला आणि तिची मागची बाजू पुढे आली. त्या फिल्मच्या दोन्ही कडांना भोकं होती, त्यामुळे ती माझ्यात बिनबोभाट चालली. धोतरामागून दिसायचं तसं सगळं चित्र उलटं पडलं. मागे नुसती लाल कनात होती. ना देऊळ दिसत होतं, ना चिंच, ना एक अक्षर. कुणाला कळणार?

मला कळत होतं. पण मला तोंड कुठे आहे?

भिंतीवर उखर्डू चिंचेच्या बाजूने धावत आला. समितीतले एक जण मांडीवर थाप मारून म्हणाले, "हा तर म्हणत होता मारुतीकडे होतो! खोटं का बोलला?" मग काय, दोरी त्यानेच सोडली असं ठरलं. कमलबाई नावाची एक बाई पुढच्या रांगेत बसलेली होती. तिने जबाबात सांगितलं होतं, उखर्डू मारुतीकडूनच आला. तिला सांगण्यात आलं, "बाई, कानात आणि डोळ्यात चार बोटांचं अंतर असतं." अहो, ती डोळ्यांनी पाहिलेलंच सांगत होती! पण मी भिंतीवर दाखवत होतो, तिथे तिचं कोण ऐकणार?

पुरावा पुरेसा नव्हता म्हणून उखर्डू तुरुंगात गेला नाही. गाव मात्र त्याला विसरलं नाही. त्याच्या ओट्यावर कुणी बसेना, त्याच्या हातचा चहा कुणी घेईना. नानांच्या पुण्यतिथीला दर वर्षी सभेतल्या स्वयंसेवकांची नावं वाचतात आणि प्रत्येकाला श्रीफळ देतात. जो वारला असेल त्याच्या घरचं माणूस उठून ते घेतं. उखर्डूचं नाव एकदाही वाचलं गेलं नाही. अकरा वर्षांपूर्वी तो गेला. नाव वाचायची वाट बघतच गेला.

मी तोवर माळ्यावर पडलो होतो. व्हिडिओ आला, मग सीडी आली, मग मोबाईल. मगनभाऊ थकले आणि गेले. माझ्यावर गाद्या आल्या, गाद्यांवर घागरी आल्या. पालीने माझ्या पंख्यात अंडी घातली. धुळीचं दुःख नव्हतं, मित्रांनो. एकदाच, फक्त एकदाच ती रीळ सरळ चालवायला मिळावी, याची आस होती. समितीने ती परत मागितलीच नव्हती, ती माझ्याच पेटीत, माझ्या कुशीत होती. इतक्या जवळ असून मला तिच्यापर्यंत पोहोचता येत नव्हतं. पन्नास वर्षं अशी काढणं म्हणजे काय, ते मलाच माहीत.

मागच्या साली जळगावहून चारुलता आली. तिथल्या मेहरूण भागात राहते. जुन्या फिल्म आणि जुने जबाब ताडून पाहणं हे तिचं काम. मगनभाऊंची मुलगी नूतन, तिने मला माळ्यावरून उतरवलं, पुसलं, शिलाई मशीनचा पट्टा माझ्या चाकाला बसवला. (तेव्हापासून माझी जात संशयात आहे, पण असो.) दिवाही मिळाला. चारुलताने रीळ दहादा पाहिली. तिच्या वहीत चौदा जबाब होते. एके ठिकाणी तिने लिहिलं, "ओवाळणारीचा पदर उजव्या खांद्यावर, गुजराथी पद्धतीचा." आमच्याकडे तसा पदर घेणाऱ्या बायका आहेतच, म्हणून तिने पान उलटलं. मी आतल्या आत ओरडत होतो, अगं थांब, तिथेच थांब!

येत्या पुण्यतिथीला नानांना जाऊन पन्नास वर्षं होणार होती. त्या दिवशी फिल्म दाखवायची की नाही, ते ठरवायला शाळेच्या खोलीत खिडक्या लावून भर दुपारी बैठक झाली. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे धनसिंगआबा होते. ते तेव्हा स्वयंसेवकांचे प्रमुख होते, आणि आजही नावांची यादी तेच वाचतात. कमलबाई होती. आणि न बोलावता आलेली सुगंधाबाई. उखर्डूची बायको.

"वहिनी, तुम्ही कशाला आल्या?" आबा म्हणाले.

"माले बी दखू द्या," मलाही बघू द्या, असं ती आपल्या अहिराणीत म्हणाली. "पन्नास वरीस व्हयनात, मी आजपावत दखं नही. त्यासनं तोंड तरी दखसू." घरात उखर्डूचा एकही फोटो नव्हता.

नूतनने मला सुरू केलं. पहिल्यांदा भिंतीवर एक विशीतली सून आली. तीच सुगंधाबाई! त्या दिवशी नानांना ओवाळायचा मान तिला मिळाला होता. आजवर ज्याने त्याने ही रीळ गोळीसाठी पाहिली. ओवाळणी कोण बघतो? सून पुढे झाली, तिने करंड्यात बोट बुडवलं आणि नानांच्या कपाळाला कुंकू लावलं.

"थांबाडा!" सुगंधाबाई ताडकन उठली. "हाई मी शे? मी डाव्या हातनं कुंकू लावसू? नानासले? मन्ही सासू हात मोडी टाकती मन्हा! हाई बठ्ठं उलटं शे!"

बठ्ठं, म्हणजे सगळं. सगळंच उलटं! कमलबाईने कपाळावर हात मारला. "अगं बया! कोणती सून डाव्या हाताने कुंकू लावते?" चारुलताने वही उघडली, पदराची ओळ वाचली आणि ओठ चावले.

रीळ काढली, पालटली, पुन्हा घातली. माझा दिवा लागला तेव्हा मी थरथरत होतो. जुन्या मोटरमुळे, असं नूतनला वाटलं असेल. सून आली, पदर डाव्या खांद्यावर, उजव्या हाताच्या अनामिकेने कुंकू. नाना उभे राहिले. नाना वाकले. आणि मारुतीच्या बाजूने, स्वतःच्या जागेवरून, उखर्डू धावत आला आणि त्यांच्यावर पडला. गोळीच्या तोंडावर धावला होता तो, वेडा!

धनसिंगआबांनी टोपी काढली. मग म्हणाले, "चिंचेखालची दोरी माझ्याकडे होती. मी पाणी प्यायला गेलो होतो, क्षणभरच. चित्रात उखर्डू दिसला आणि माझ्या जिवावरचं ओझं उतरलं. म्हणून मी चित्र धरलं आणि दोस्त सोडला. वहिनी, मला माफ करा."

सुगंधाबाईने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. ती भिंतीपाशी गेली होती. "मी बी इचारं व्हतं यासले," ती म्हणाली. "चित्र खोटं बोलस का, अशी इचारं मी. त्या दिवसपासून यासनी माले काहीच सांगं नही." मग भिंतीकडे बघून ती हळूच म्हणाली, "चुकनं मन्हं. तुम्हनं खरं व्हतं."

मला वाटलं होतं, रीळ सरळ चालली की मी मोकळा होईन. छे! कसला मोकळा? तिने नवऱ्यापेक्षा माझ्यावर जास्त विश्वास ठेवला होता. हे ऐकायला तो तिथे नव्हता.

तिला त्याचा चेहरा थांबवून पाहायचा होता. पण मी थांबलो तर दिव्याच्या धगीने फिल्म जळते. चारुलता म्हणाली, "आजी, मी मोबाईलवर घेऊन देते. त्यात हवं तिथे थांबवता येईल."

"नको, बेटा. त्यासले थांबाडू नको. पयू दे त्यासले." धावू दे त्यांना, असं म्हणाली ती. नूतनने पुन्हा पहिल्यापासून लावलं. त्या दुपारी मी तिच्यासाठी सहा वेळा चाललो. दर वेळी उखर्डू चार सेकंद आला आणि गेला.

पुण्यतिथीला धनसिंगआबांनी यादीत पहिलं नाव उखर्डूचं वाचलं. सुगंधाबाईने श्रीफळ घेतलं, पदराखाली धरलं आणि सरळ घरी गेली.

तेव्हापासून मी या कपाटात आहे. मला पुसा, दिवा फुटू देऊ नका, एवढं तर मी मागणारच, म्हातारा आहे. पण त्याहून मोठं मागणं वेगळं आहे. मित्रांनो, तुमच्या हातात आता माझ्यापेक्षा हुशार यंत्रं आहेत आणि ती रोज कुणा ना कुणाला चोर ठरवतात. यंत्राच्या पोटात जे घालावं तेच ते दाखवतं. तेव्हा चित्र बघून कुणावर बोट रोखण्याआधी, त्या चित्रात जे माणूस उभं आहे त्याला बोलावून एकदा विचारा. आम्ही विचारलं नाही. ज्या डाकबंगल्यात समिती बसली होती, त्याच्या फाटकासमोरच सुगंधाबाईचं घर होतं. त्या दिवशी ती दारातच उभी होती, कुणी हाक मारतंय का म्हणून.