वारसाचा रकाना

घाटकोपरच्या सफाई कामगारांच्या चाळीत नळाला पाणी आलं, तशी सोनूबाई उठली. हंडे भरले, नवऱ्याची, अंबादासची, छाती शेकली, चहा ठेवला. तीस वर्षं रस्ते झाडून आणि गटारं उपसून त्याच्या छातीचा भाता झाला होता. डॉक्टरांनी काम बंद करायला सांगितलं, तेव्हा पालिकेच्या सफाई खात्याने एक फॉर्म दिला. त्यात वारसाचा रकाना होता. त्यात ज्याचं नाव, त्याला बापाची नोकरी आणि सोबत ही खोली. नाव नसेल, तर तीन महिन्यांत खोली रिकामी करायची.

अंबादासलाही झाडू असाच मिळाला होता. एकोणिसाव्या वर्षी, आयटीआयमध्ये फिटरचं शिकत असताना.

एकुलती एक लेक सपना लॅब टेक्निशियनच्या शेवटच्या वर्षाला होती. दीर येऊन सांगून गेला, कायमची नोकरी लाथाडणारा वेडाच. सोनूबाईला ते पटलं. ती फार दमली होती, या वयात खोल्या शोधत फिरायचं बळ तिच्यात नव्हतं. आठ दिवस तिने लेकीला समजावलं, मग बोलणंच टाकलं.

नवव्या दिवशी कॉलेजातून येताच सपनाने त्या रकान्यात वळणदार अक्षरात स्वतःचं नाव लिहिलं, खाली सही केली आणि कागद आईच्या पुढ्यात ठेवला.

"सही केली, आई. एकच सांग. उद्या मला मूल झालं, तर त्याचं नाव पण इथेच लिहायचं ना?"

सोनूबाई मेथी निवडत राहिली. काड्या कुठल्या, पानं कुठली, तिला कळेना. भिंतीकडे तोंड करून पडलेला अंबादास खोकत म्हणाला, "मला बापानं विचारलं नव्हतं. मी पण या पोरीला विचारलं नाही. आता जे जन्मलंही नाही, त्याचं पण आपणच ठरवायचं का?"

दुसऱ्या दिवशी नवरा-बायको खात्याच्या ऑफिसात गेली. सोनूबाईने लेकीच्या नावावर स्वतः रेघ मारली. क्लार्क माणूस वाईट नव्हता. त्याने समजावून पाहिलं.

"मावशी, घर जाईल. मुलगी आहे ना तुम्हाला?"

"आहे. पण तिचं नाव तुमच्याकडे लिहायचं नाही."

घर गेलं. नवी खोली शोधताना तीन ठिकाणी आडनाव ऐकताच जागा भरल्याचं सांगण्यात आलं. चौथी मिळाली, पार टिटवाळ्याला.

सामान हलवलं त्या सकाळी टेम्पो अंबादास झाडायचा त्या रस्त्यावरून निघाला, तर तिथे नव्या गणवेशात एक मुलगी झाडत होती. शेजारची राधा. तिचे वडील पावसाळ्यात वारले होते. सोनूबाईने टेम्पो थांबवायला लावला.

"कॉलेज सोडलंस गं?"

"खोली टिकायला पाहिजे ना, मावशी."

सोनूबाईने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मागून हॉर्न वाजू लागले, टेम्पो निघाला.

सातच्या सुमारास त्या रस्त्यावरून शाळांच्या बसगाड्या गेल्या. रस्ता अगदी स्वच्छ होता.