जुळ्या मोटारी

लिफ्ट दुरुस्त करण्यात जन्म गेलेल्या माणसाला निवृत्तीनंतर घरात नीट करायला उरतं तरी काय? म्हणून हे लिफ्टवाले रिमोटवर पळणाऱ्या छोट्या होड्या बांधत. आणि त्यांच्या मोटारींत खोट काढायची कुणाची बिशाद नव्हती. नाकाला लगेच मिरच्या झोंबत.

या नव्या होडीला दोन मोटारी होत्या. स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांनी दोन्ही मंद पळवल्या, आतले वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे नीट घासून बसू दिले, मग जोरात फिरवून गती मोजली. तसूभर फरक नाही.

"जुळ्या बहिणी आहेत!" ते बायकोला म्हणाले.

"असतील," ती म्हणाली आणि उजव्या हाताने रबरी चेंडू दाबत राहिली.

बायको शाळेत चित्रकलेच्या बाई. मेंदूला झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. आता डॉक्टर म्हणत, हात बरा झालाय. बाईंचा काही विश्वास बसेना. शाळेला सोमवारी काय ते कळवायचं होतं.

"तळ्यावर होडी मी चालवणार," त्या म्हणाल्या. "पलीकडच्या काठाला सरळ गेली तर शाळा. नाहीतर राजीनामा. मग माझी समजूत काढत बसायचं नाही."

लिफ्टवाल्यांनी होडी काखेत मारली.

तळ्यावर बाईंनी उजवा अंगठा रिमोटच्या दांडीवर ठेवला. होडी निम्म्यात गेली आणि डावीकडे वळली. पुन्हा सोडली, पुन्हा डावीकडे. तिसऱ्यांदा तर डावीकडच्या गवतातच घुसली.

"संपलं," बाई म्हणाल्या आणि रिमोट नवऱ्याच्या हातात दिला. "हातच गेला माझा."

 लिफ्टवाल्यांनी होडी गवतातून मागे घेतली, वळवली आणि पलीकडच्या काठाकडे सोडली. निघाली की सरळ! आणि जिभेला काही हाड आहे का? बोलून गेले, "बघ, कशी नाकासमोर जाते."

बाई होडीकडे बघतच नव्हत्या. जन्मभर पोरांचे हात बघण्याची सवय.

"अहो, तुमचा अंगठा उजवीकडे का?"

"कुठे?"

"हा काय! मघापासून तिकडेच रेटलाय."

त्यांनी खाली पाहिलं. खरंच की. अंगठा मधोमध आणला तशी होडी डावीकडे वळली. मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. टेबलावर दोन्ही मोटारी एकाच दिशेने फिरवल्या होत्या. होडीत डावी उलटी फिरते, आणि कार्बनची बैठक तर सुलट्या दिशेला जुळवलेली. उलटी फिरताना डाव्या मोटारीचा जोर कमी पडत होता, म्हणून होडी डावीकडे ओढत होती. त्यांचा सरावलेला अंगठा त्यांच्या नकळत सगळं सावरून घेत होता.

"चूक माझी," ते म्हणाले. "तू दांडी अगदी मधोमध धरली होतीस. म्हणून तर होडी वळली."

बाई आपल्या हाताकडे बघत राहिल्या. डोळे भरून आले, ते त्यांनी त्याच हाताने पुसले.

"सोमवारी जाते मी शाळेत." मग जरा थांबून, "तुम्हालाही वाटलं ना, हात गेला म्हणून?"

खोटं बोलणं त्यांना जमलं नाही. "वाटलं."

"मला वाटलं ते वाटलं," बाई म्हणाल्या. "तुम्हाला का वाटावं?"