उलटी टाइमलाइन

लंडनच्या पिनर उपनगरात राहणारे उदय कर्णिक तिथल्याच एका सल्लागार कंपनीत हवाई संरक्षणाचे तज्ज्ञ होते. तज्ज्ञ म्हणजे काय, तर फायटर विमान त्यांनी आजवर एअर शोमध्येच पाहिलेलं, तेही आइस्क्रीम खाता खाता. हे ते स्वतःच सगळ्यांना सांगत.

यंदा एका छोट्या तटस्थ देशाने त्यांच्याकडे काम सोपवलं. कुणाच्या युद्धात पडायचं नाही, पण आपल्या आकाशात कुणी न विचारता शिरलं तर काय करायचं, याचा दहा वर्षांचा आराखडा हवा होता. उदयरावांनी बारा विमानांचा झोकदार आराखडा केला.

सादरीकरणाच्या आदल्या संध्याकाळी त्यांची सहकारी मालविका टेबलाशी आली. जन्म लंडनमधल्याच हॅरोचा, मराठी घरापुरतं.

"काका, तुमची टाइमलाइन उलटा आहे."

"उलटा नाही गं, उलटी. ती टाइमलाइन."

मग लिंगविचारावर पाच मिनिटं बोलून ते ट्रेन पकडायला पळाले. तिचं म्हणणं तिथंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी त्या देशाच्या पथकप्रमुख, पिकल्या केसांच्या कर्नलबाई, आराखडा शांतपणे पाहत होत्या. आठव्या स्लाइडवर त्यांनी हात वर केला.

"विमानं तिसऱ्या वर्षी येणार आणि लांबचं पाहणारं रडार सातव्या. मधली चार वर्षं आमच्या वैमानिकांनी घुसखोर शोधायचा कसा?"

"खिडकीतून बघून," त्यांचा सहायक पुटपुटला.

विमानांचं चित्र आधी आलं की स्लाइड छान दिसते, म्हणून उदयरावांनीच तो क्रम लावला होता! 'हे टप्प्याटप्प्याने होईल' असं गुळमुळीत वाक्य जिभेवर आलंही. पण शेजारी मालविका मान खाली घालून बसली होती. त्यांचं पितळ उघडं पाडायला तिला एक शब्द पुरला असता. तो तिने उच्चारला नाही, आणि तेच त्यांना जास्त लागलं.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "हिने काल सांगितलं होतं. मी हिचं व्याकरण सुधारलं, आराखडा तसाच ठेवला."

कर्नलबाई पहिल्यांदाच हसल्या. "मग त्यांनाच बोलू द्या."

मालविका उठली आणि अस्खलित इंग्रजीत बोलू लागली. आधी रडार, त्याच्यापुढे चोवीस तास बसणारी माणसं. मग जमिनीवरची क्षेपणास्त्रं. विमानं शेवटी, तीही मोजकी. आणि रविवारी दुपारी घुसखोर आला तर हुकूम कोण देणार, हे आजच लिहून ठेवा. उदयराव ती सांगेल तशा आपल्या स्लाइड्स मागेपुढे सरकवत राहिले.

काम कंपनीकडेच राहिलं, प्रमुख म्हणून मालविकाचं नाव लागलं.

"काका, रागावला का?" परतताना तिने विचारलं.

"रागावलो नाही. लाजलो."

जूनमध्ये त्या देशातल्या एका टेकडीवर, सोसाट्याच्या वाऱ्यात, मालविका रडारची जागा ठरवत होती. मोजपट्टीचं दुसरं टोक उदयरावांनी धरलं होतं, आणि तेही दोनदा सुटलं.