मुखवट्यामागे कोण?

दर शनिवारी कॉमिक भाड्याने देणाऱ्या दुकानाच्या मागच्या खोलीत कॉमिकवेडे जमत. महिन्यापूर्वी वारलेल्या बाबांनी नेलेला अंक परत करायला ती तिथे आली. अंकात मध्येच बाबांनी खुणेसाठी बसचं तिकीट खोचलेलं होतं.

"अरेरे, मुखवटा उतरायच्या आधीच थांबले की!" दातांचे डॉक्टर हळहळले.

"पण भांडायचे काय!" दुकानदारीणबाई हसल्या. "म्हणे, आत खलनायकाची मुलगीच असणार. आम्ही त्यांना वेड्यात काढायचो."

तिला नवल वाटलं. जाडजूड कादंबऱ्या वाचणाऱ्या तिच्यापुढे बाबांनी घरी कॉमिकबद्दल कधी अवाक्षर काढलं नव्हतं.

"मग कोण निघालं?" तिने विचारलं.

दोघांनीही एकदम तोंड उघडलं, तसा तिने घाईघाईने अंक छातीशी धरला.

"थांबा, सांगू नका! आधी या मालिकेचा पहिला अंक द्या. हा मागाहून परत करते."