चार परक्यांकडे गेलेला आवाज

ज्या दिवशी कळलं की आमच्या काकूंचा आवाज परक्या घरांत वाजतो आहे, त्या दिवशी मला धाप लागून चार दिवस झाले होते. मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. पुस्तकं बांधण्याच्या एका दुकानात, दाबयंत्राच्या शेजारी, डुगडुगत्या टेबलावर माझं आयुष्य गेलं. माझा पंखा म्हातारा झाला होता, पण इतका ओरडत कधी नव्हता. त्या चार दिवसांत तो थांबायलाच तयार नव्हता. कारण मला ठाऊक होतं, पण सांगायला तोंड नव्हतं.

फोन वाजला तेव्हा बाइंडरकाका पुठ्ठा कापत होते. हात मोकळे नव्हते म्हणून त्यांनी कोपरानं बटण दाबलं आणि फोन मोठ्यानं बोलू लागला.

"नमस्कार. काकू आहेत का?"

"कोण काकू?"

"शिलाई शिकवणाऱ्या. मीही बाइंडरच आहे, लांबून बोलतोय. पाचव्या धड्यात त्या दोऱ्याला मेण लावायला सांगतात. पण किती, ते सांगायच्या आत त्यांना खोकला येतो आणि ते राहूनच जातं. म्हटलं, त्यांनाच विचारावं."

काकांची सुरी जागच्या जागी थांबली.

"तुम्हाला हे कुठे मिळालं?"

"इंटरनेटवर. तुम्हीच ठेवलंय ना? अख्खं फोल्डर उतरवून घेतलं मी. त्यात तुमच्या दुकानाचा छापील कागद होता, त्यावर नंबर होता."

"काकू नाहीत," काका म्हणाले. "दीड महिना झाला."

 पलीकडचा माणूस हळूच म्हणाला, "माफ करा, काका. ते शेवटचं, 'मुंगीसाठी' नावाचं, ते मी अर्धं ऐकलं आणि बंद केलं. ते आमच्यासाठी नव्हतं."

काका स्टुलावर बसले. पुठ्ठा वाकडा कापला गेला होता. इतक्या वर्षांत त्यांचा पुठ्ठा वाकडा गेलेला मी पाहिला नव्हता.

आता थोडं मागचं सांगतो, म्हणजे तुम्हाला कळेल की काय गेलं आणि कसं गेलं.

एका मोठ्या कारखान्यात, माझ्याच तोंडवळ्याच्या हजारभर भावंडांत माझा जन्म झाला. खोक्यातून मी या दुकानात आलो तेव्हा काकांनी मला हातसुद्धा लावला नाही. "याला खळ लागली तर हा मरेल," ते म्हणाले. खळ म्हणजे पुस्तक चिकटवायचा पिठाचा चिकट लगदा. काकू म्हणाल्या, "तुम्हाला लागून तुम्ही मेलात का? मग!" त्यांनी मला पुसलं, माझ्यावर जुन्या ओढणीचं झाकण शिवलं आणि महिन्याभरात पुस्तकांच्या पाठीवर छापायची नावं माझ्यावर लिहायला शिकल्या. गिऱ्हाईक अक्षरांचं कौतुक करायचं आणि काकू माझ्याकडे बोट दाखवायच्या. त्या वर्षांत मी फार फुशारलो होतो.

मग नेहमीचंच झालं. नवे फोन आले. मी हळू झालो. माझ्या पंख्यात कागदाचा कीस साठला आणि माझ्या डोक्यावर खळीचा ब्रश वाळत घालू लागले.

काकू आजारी पडल्या तेव्हा त्यांनी मला पुन्हा पुसलं. त्यांची एकुलती लेक दुसऱ्या शहरात ग्रंथालयाच्या दुरुस्ती विभागात लागली होती. लहानपणापासून तिचे हातपाय एका जागी नसत, म्हणून तिला घरात मुंगी म्हणत. आईच्या हातची शिलाई तिला शिकायची होती, पण नोकरीमुळे इथे येऊन राहता येत नव्हतं. म्हणून काकूंनी माझ्यासमोर बसून अकरा धडे चित्रित केले. फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे, कसे लावायचे, सुई कुठून काढायची, गाठ कुठे लपवायची. शेवटी त्यांनी दार लावून घेतलं आणि फक्त आवाजाची एक फाइल केली. दार उघडल्यावर त्या काकांना म्हणाल्या, "हे मुंगीचं. दुसऱ्या कुणी ऐकायचं नाही. तुम्हीसुद्धा. खा शपथ."

"तुझी शपथ."

"माझी नको, मला आता अजून काय व्हायचंय! स्वतःची खा."

काकांनी स्वतःची खाल्ली. शेवटच्या फाइलमध्ये काय आहे ते मला माहीत आहे. मी सांगणार नाही.

काकू गेल्यावर मुंगीनं धडे मागितले. ते इतके मोठे होते की मेलमधून जाईनात. ती फोनवर म्हणाली, "बाबा, असे प्रोग्रॅम असतात की मध्ये कुणी न ठेवता एका संगणकावरून थेट दुसऱ्या संगणकावर फाइल पाठवतात. पण त्यात बरे असतात आणि वाईटही असतात. कुठला घ्यायचा ते मी बघते. रविवारी येते. तोवर काहीही उतरवू नका."

"बरं," काका म्हणाले.

पण काकांना तेव्हा बसवत नव्हतं. खळ ढवळायचे, ठेवायचे, पुन्हा ढवळायचे. दाराशी जायचे, परत यायचे. एक काम हातावेगळं झालं तर जरा बरं वाटेल, असं त्यांना वाटलं असावं. बुधवारी ते माझ्यासमोर बसले आणि एका बोटानं 'फाइल पाठवणे फुकट' असं लिहिलं. सगळ्यात वर जे आलं ते त्यांनी उघडलं. त्या पानावर तीन बटणं होती. सगळ्यात मोठं आणि हिरवं होतं, ते त्यांनी दाबलं.

मित्रांनो, तो प्रोग्रॅम एकटा आला नाही. आपल्याबरोबर आणखी दोन पाहुणे घेऊन आला आणि ते माझ्या अंगात ठाण मांडून बसले. दर मिनिटाला जाहिराती दाखवू लागले. मला धाप लागली ती तेव्हापासून. मग त्या प्रोग्रॅमनं विचारलं, कुठलं फोल्डर वाटायचं? काका पिढीजात बाइंडर. त्यांच्या धंद्यात पान सुटं करणं हे पाप. त्यांनी अकरा धडे वेगळे काढले नाहीत. काकूंचं अख्खं फोल्डर होतं तसं देऊन टाकलं. त्यांना वाटलं, 'वाटायचं' म्हणजे मुंगीला द्यायचं. मुंगीचं नाव तर त्यांनी कुठे लिहिलंच नव्हतं!

'हे जगात सर्वांना दिसेल, चालेल का?' असं मी विचारलं होतं. पण बारीक अक्षरात आणि परक्या भाषेत. काकांनी हो म्हटलं. त्यात माझाही दोष आहे, तो मी लपवत नाही.

चार दिवस मी रात्रंदिवस चालू होतो. मुंगीचा फोन येईल, "बाबा, मिळालं!" म्हणेल, म्हणून काका वाट पाहत होते. शनिवारी आला तो त्या दुसऱ्या बाइंडरचा.

काकांनी लगेच मुंगीला कळवलं. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "आधी नेटची तार काढा. मी निघाले." दुपारी ती पाठीवर बॅग घेऊन दारात उभी होती. चहासुद्धा न घेता माझ्यासमोर बसली. आधी तिनं काकूंचं सगळं फोल्डर आपल्या डिस्कवर उतरवून, तपासून घेतलं आणि माझ्यातून पुसलं. मग त्या प्रोग्रॅममधली यादी उघडली. तिथे कोणी काय नेलं ते लिहिलेलं असतं. चार टोपणनावं होती.

"चौघांनी नेलंय, बाबा. शेवटचं चौघांकडेही आहे."

काका ती चार नावं पुन्हा पुन्हा वाचत राहिले.

"हे मी आता काढून टाकते. हा प्रोग्रॅम म्हणजे उघडं दार आहे."

"काढू नकोस."

"बाबा!"

"काढलास तर त्या चौघांना विचारणार कसं? त्यांचं नाव नाही, गाव नाही. निरोप जातो तो याच्यातूनच ना?"

"आणि तोवर अजून किती लोक येतील आत?"

"काय न्यायला येतील? आता आत आहे काय?"

"ते दोन पाहुणे आहेत ना! हा संगणक आता विश्वासाचा नाही राहिला."

"मग विश्वासाचं काम त्याला देऊ नको. पण हा प्रोग्रॅम राहू दे. मी शपथ खाल्ली होती, मुंगे."

 मग तिनं ते दोन पाहुणे शोधून हाकलले. माझ्यात जे काही उरलं होतं, बिलं, फोटो, नावांच्या याद्या, सगळं बाहेर काढलं. प्रोग्रॅमला एक रिकामं फोल्डर देऊन ठेवलं आणि मगच नेटची तार पुन्हा जोडली. काकांना बजावलं, "यावर आता काही म्हणजे काही करायचं नाही. पासवर्ड नाही, फोटो नाही. फक्त निरोप." असा मी आतून धुतलेल्या डब्यासारखा झालो. इतक्या वर्षांत मी कधी इतका हलका नव्हतो, आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

पुढचं मी कोपऱ्यातून पाहिलं. मुंगीनं आपला छोटा संगणक काकांसमोर ठेवला आणि म्हणाली, "नवी खळ दुकानात घेताना तुम्ही काय बघता?"

"कोणी केली, त्यात काय घातलंय, आणि आधी रद्दीवर लावून बघतो."

"मग तेच बघायचं. हा बघा पहिला प्रोग्रॅम. कोणी केला?"

काकांनी चष्मा वर सारला. "लिहिलेलंच नाही."

"दुसरा?"

"याचं नाव आहे, पत्ता आहे. पण आत काय आहे ते सांगत नाही म्हणतो. खळीत काय ते न सांगणाऱ्याकडून मी खळ घेत नाही. हा नको."

तिसऱ्याचं आतलं सगळं लिखाण कुणालाही वाचायला उघडं होतं आणि अनेक जाणत्यांनी ते तपासलेलं होतं. काका चमकले. "उघडं? म्हणजे चोरालाही दिसणार!"

"कुलूप कसं बनतं ते सगळ्यांना माहीत असतं, बाबा. किल्ली आपल्याकडे असते."

तो प्रोग्रॅम आपण दाखवू तेवढंच फोल्डर, आपण सांगू त्याच संगणकाला देत होता. वाटेत कुणी पाहिलं तर त्याला नुसता घोळ दिसेल, असं बांधून पाठवत होता. मुंगीनं तो बनवणाऱ्यांच्या स्वतःच्या पानावरूनच घेतला. मोठ्या हिरव्या बटणाकडे बघितलंही नाही. फाइल वाटेत कुणी बदललेली नाही हे पडताळायला त्याच पानावर एक आकडा दिला होता, उतरवलेल्या फाइलशी तो जुळतो का ते काकांकडून दोनदा तपासून घेतलं. काकांसाठी तिनं आपला वापरलेला दुसरा संगणक आणला होता. दोन्ही संगणकांना एकमेकांची ओळख पटवण्यासाठी एक लांबलचक किल्ली जुळवायची होती. ती आतल्या खोलीत गेली आणि काका इथून अक्षरं वाचू लागले.

"सात. के. पुन्हा के. नऊ... हे शून्य आहे की ओ?"

"गोल आहे की उभट?"

"तुझ्या आत्याच्या तोंडासारखं आहे."

"म्हणजे उभट. शून्य!" आतून ती हसली. दीड महिन्यात त्या घरात हसण्याचा तो पहिला आवाज होता.

आधी रद्दीवर म्हणून त्यांनी खळीच्या डब्याचा एक फोटो पाठवला. तो पोचला. मग कुठलाही तिसरा संगणक यादीत दिसत नाही ना, ते पाहिलं. मगच काकांच्या संगणकावरून तिच्याकडे एकेक धडा गेला, सुटा सुटा; धडे तिच्या डिस्कवर होतेच, पण पाठवायचं कसं ते काकांच्या हातात बसावं म्हणून तिनं ते त्यांच्याकडून करवून घेतलं. सुटं करताना काकांचा जीव खालीवर होत होता, पण त्यांनी केलं.

'मुंगीसाठी' तिनं दुसऱ्या दिवशी सकाळी ऐकलं, कानाला लावून, स्वयंपाकघरात. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. काकांनी काय होतं ते विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

मग काकांनी माझ्यावर एका बोटानं निरोप लिहिला. 'ही माझ्या बायकोची खासगी फाइल आहे. माझ्या चुकीनं तुमच्याकडे आली. कृपा करून पुसा आणि मला कळवा.' चौघांना तोच पाठवला.

त्या दूरच्या बाइंडरनं लगेच फोन केला. पुसलं म्हणाला, आणि धडेही पुसू का, विचारलं. काकांनी मुंगीकडे पाहिलं. मुंगी म्हणाली, "धडे राहू देत त्यांच्याकडे. आईला आवडलं असतं." मग काकांनी त्याला मेणाचं सांगितलं. दोरा मेणावरून एकदाच ओढायचा, दोनदा नाही. दुसऱ्या एकाचा तीन दिवसांनी एका शब्दाचा निरोप आला, 'पुसली.' खरंच पुसली का, ते बघायला कुणाला जाता येणार नाही. मानायचं.

मित्रांनो, मी जुना झालो आहे आणि माझ्यात आता ठेवण्यासारखं काही नाही, म्हणून तुम्हाला कळकळीनं सांगतो. कुठलाही प्रोग्रॅम घेण्याआधी तो कोणी बनवला, आत काय आहे आणि कुठलं फोल्डर कुणाला दाखवतो, एवढं विचारा. समजलं नाही तर हो म्हणू नका, कुणाला तरी हाक मारा. माझ्यासारखे संगणक प्रश्न विचारतात, पण उत्तराची काळजी करत नाहीत. ती तुम्हालाच करावी लागते.

मुंगी आपल्या नोकरीच्या शहरी परत गेली. काका रोज दुपारी मला चालू करतात, रिकाम्या फोल्डरकडे आणि निरोपांकडे बघतात आणि बंद करतात. उरलेल्यांपैकी एक जण कधीकधी आलेला दिसतो. काकांनी त्याला तोच निरोप नऊ वेळा पाठवला आहे. दुसरा त्या आठवड्यानंतर आलाच नाही. दोघांकडे ती फाइल अजून आहे.