मी पांढरा धागा गिळला

बसा जरा. मी बोलतेय, विणकामाच्या कारखान्यातल्या कॉम्प्युटरमधली एक फाईल. नाक मुरडू नका! फाईल म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर सुतळीने बांधलेला कागदांचा गठ्ठा आला असेल. मी तसली नाही. मी रंगारीण आहे. मामा स्क्रीनवर जे लिहितात, त्यातला कोणता शब्द कोणत्या रंगात दिसावा ते मी ठरवते. अंगापिंडाने म्हणाल तर जेमतेम एकशे चाळीस ओळी, पण तोरा विचारू नका.

मामा म्हणजे कारखान्याचे जुने मेकॅनिक. मालकीणबाई त्यांची धाकटी बहीण. तिच्या मुलीचे ते मामा, म्हणून मग शिलाईच्या बायकांपासून टेम्पोवाल्यापर्यंत सगळ्यांचेच मामा. वीस वर्षांपूर्वी विणायच्या मशीनला हुकूम द्यायला त्यांनी स्वतःची एक भाषा तयार केली. सुलट, उलट, वाढव, घटव असे साधे शब्द. धाग्याच्या रंगाचं नाव एकदा लिहिलं की मशीन त्या रंगाची एक ओळ विणणार. स्वतःसाठी टीप लिहायची असेल तर तिच्या आधी कीबोर्डवरची एक चांदणी, नंतर एक चांदणी. मधलं सगळं मशीन सोडून देणार. ही भाषा येणारी माणसं जगात दोनच. एक मामा, आणि दुसरं कोणी असेल तर तेही मामाच.

त्यामुळे एडिटरला, म्हणजे ज्यात हे टाईप करतात त्या प्रोग्रामला, मामांच्या भाषेचा गंधही नव्हता. मोठमोठ्या नावाजलेल्या भाषा तो रंगीबेरंगी दाखवायचा आणि मामांचं सगळं काळंकुट्ट. पूर्वी त्याने काही अडलं नाही. मग डोळे थकले. गेल्या हिवाळ्यात एका टिपेची शेवटची चांदणी टाकायची राहिली, मशीनने पुढची अख्खी बाही टीप समजून सोडून दिली, आणि मामा जेवून, डुलकी काढून येईपर्यंत बारा स्वेटर एकेका बाहीचे! शिलाईच्या बायका आठवडाभर हसत होत्या. मामा नाही हसले.

मालकीणबाईंनी शेवटी सांगितलं, "दादा, शनिवारी गिऱ्हाईक निळ्या स्वेटरचा नमुना बघायला येतंय. तो नीट निघाला तर बरं. नाहीतर सोमवारपासून बाहेरचा माणूस आणि त्याची नवी भाषा. तू घरी आराम कर."

मामांनी मशीनच्या खोलीची चावी खिशातून काढली, मुठीत धरली आणि पुन्हा खिशात ठेवली. आराम या शब्दाचा त्यांना किती राग आहे, हे मला नंतर कळलं.

तेव्हाच भाची सुट्टीवर आली होती. वय एकोणतीस, कुठल्याशा ऑफिसात प्रोग्राम लिहायची नोकरी, तरी घरात अजून चिमणीच. ती म्हणाली, "मामा, तुझ्या भाषेतले शब्द मला सांग. एकूण एक." दोन दिवस दोघं वही घेऊन बसली. हुकूम जांभळे, आकडे केशरी, टिपा राखाडी. असा माझा जन्म झाला. जन्मल्या जन्मल्या मी ढिम्म! स्क्रीनवरची अक्षरं काळी ती काळीच. चिमणीने अर्धा दिवस मला शिव्या घातल्या, आणि चूक निघाली तिचीच. मला भलत्याच फोल्डरमध्ये ठेवलं होतं. योग्य जागी हलवलं, एडिटर बंद करून उघडला, आणि काय सांगू! मामा खुर्चीतून उठलेच. "अगं, हे तर चष्म्याशिवाय वाचता येतंय!"

मग माणसाच्या स्वभावाप्रमाणे लगेच पुढची मागणी. "धाग्यांची नावं मात्र ज्याच्या त्याच्या रंगात पाहिजेत. काळ्या अक्षरात 'लाल' लिहायचं, हे काय लाल झालं?" चिमणी हसली आणि तसं करून दिलं. दोघांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. माझ्याही नाही, खोटं कशाला बोलू.

शनिवारी सकाळी मामा नमुन्याच्या स्वेटरचा पुढचा भाग लिहायला बसले; पाठ आणि बाह्या खाली आधीच लिहून ठेवल्या होत्या. निळा, निळा, निळा, कसं छान उमटत होतं. छातीवर दोन पांढऱ्या ओळी हव्या होत्या. मामांनी 'पांढरा' लिहिलं. शेवटचा काना पडला आणि शब्द गुल! पांढऱ्या पाटीवर पांढरी अक्षरं. मी तर सांगितल्याबरहुकूम रंगवलं होतं. मामांनी पुन्हा लिहिलं. पुन्हा गुल. त्यांनी कीबोर्ड उलटा करून आपटला. लोकरीचा भुगा, एक बटण आणि बिस्किटाचा तुकडा पडला. परत लिहिलं. असं अकरा वेळा. चिमणी शेजारच्या खोलीतच होती, पण विचारतील तर ते मामा कसले? "म्हणेल, मामाला आता टाईपसुद्धा करता येईना," असं पुटपुटत ते तोंडावर पाणी मारायला गेले.

तेवढ्यात मालकीणबाई आल्या, घड्याळ बघितलं आणि मशीनचं चालूचं बटण दाबलं. पुढचा भाग विणून बाहेर पडला तो छातीवर हा एवढा पांढरा पट्टा घेऊन.

"दादा, हा स्वेटर आहे की दाढीचा साबण लावलेला माणूस? दोन ओळी सांगितल्या होत्या. मोज, अकरा आहेत!"

"मी एकही लिहिली नाही गं," मामा म्हणाले.

हे ऐकून मालकीणबाईंचा राग कुठल्या कुठे गेला आणि चेहऱ्यावर काळजी आली. ती मामांना दिसली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चावी काढून टेबलावर ठेवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोष माझा, आणि मला तोंड नाही!

"एवढं पुसतो आणि जातो," म्हणत मामांनी सगळा मजकूर एकदम निवडला. स्क्रीनभर गडद पट्टा चढला, आणि त्या पट्ट्यावर माझे अकरा पांढरे शब्द दात विचकल्यासारखे चमकले. मामांची बोटं थांबली. त्यांनी एकेक मोजला. अकरा भरले आणि ते जे हसत सुटले! आवाज ऐकून चिमणी धावत आली, स्क्रीन बघितली आणि तिने कपाळावर हात मारून घेतला.

"थांब मामा, मागची पाटी काळी करते."

"आणि मग काळा धागा?"

मामाच म्हणाले, "राखाडी कर. राखाडी धागा आपण ठेवत नाही, गिऱ्हाईक मळका म्हणतं." मग माझ्या टिपांचा राखाडी गेला आणि त्या गुलाबी झाल्या.

नव्या पाटीवर नमुन्याचा मजकूर उघडला तर खालचा पाऊण भाग गुलाबीच गुलाबी. मामांनी लांबूनच बोट दाखवलं. "डावी बाही बघ! टिपेची चांदणी राहिली माझी." चष्मा खिशातच होता. चांदणी टाकली, जास्तीचे नऊ पांढरे काढले. दुपारी गिऱ्हाईक आलं तेव्हा दोन बाह्यांचा, दोन पांढऱ्या ओळींचा निळा स्वेटर टेबलावर होता. बाहेरच्या माणसाला फोन झालाच नाही.

मालकीणबाईंनी चावी उचलली आणि भावाच्या खिशात टाकली. "इथे कशाला ठेवतोस? हरवेल." एवढंच बोलून त्या घाईघाईने बाहेर गेल्या. त्यांना रडू आलं होतं, मी सांगते.

आता मी एकशे साठ ओळींची आहे. चिमणी परत गेली. मामा स्वतःच मला उघडतात, नवा धागा आला की त्याचा रंग माझ्यात घालतात. माझं मागणं एकच. कधी हा कॉम्प्युटर बदललात तर मला मागे टाकू नका. छोटी आहे, जागा खात नाही. आणि पुसायला कोणी निघालंच, तर आधी माझी 'पांढरा'ची ओळ वाचा. तिच्यापुढे दोन चांदण्यांमध्ये मामांनी लिहून ठेवलंय: 'त्या शनिवारी चूक हिची नव्हती. हट्ट माझा होता. हिला सांभाळा.'