जास्वंदीचं एकच खोड

अण्णांना ऐकू कमी यायचं, आणि जे यायचं ते पटायचं नाही. दारातल्या जास्वंदीचं झुडूप छाटून त्याचं झाड करायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. मधलं एक सरळ खोड ठेवायचं, बाजूची सगळी बुडापासून कापायची, वर पानांचा गोल डोलारा. "माळी बोलावू," असं धाकटी लेक म्हणाली, ते अर्थातच ऐकू आलं नाही. सकाळी कानातलं यंत्र काढून ठेवून ते करवतीसकट झुडपात शिरले.

धाकटी वरच्या खिडकीत कपडे वाळत घालत होती. तिने सहज खाली पाहिलं आणि टॉवेल हातातच राहिला. अण्णांच्या डोक्यावर हातभर अंतरावर, पानांच्या आड, गांधीलमाश्यांचं पोळं होतं. करवत चालली की ते हलायचं. तीन-चार माश्या बाहेर येऊन घिरट्या घालत होत्या.

मागे एकच माशी चावली होती, तर अण्णांचा घसा सुजून श्वास कोंडला होता. जेमतेम वाचले होते.

जिना कसा उतरली ते तिचं तिलाच कळलं नाही. हाक मारून उपयोग नव्हता, आणि धावत शिरावं तर फांद्यांना धक्का लागला असता. ती सरपटत आत गेली आणि त्यांच्या पावलावर हात ठेवला. अण्णा वैतागून वळले. तिने ओठांवर बोट ठेवलं, मग वर दाखवलं.

अण्णांचा चेहरा पांढरा पडला.

"हे खोड जवळजवळ कापून झालंय," ते पुटपुटले. "सोडलं तर पोळ्यासकट अंगावर येईल."

तिने त्यांच्या हाताशेजारी आपला हात घालून खोड घट्ट पकडलं आणि मानेनेच 'निघा' म्हटलं. त्यांनी मान हलवली, नाही. तिने डोळे वटारले, अगदी आईसारखे. अण्णा निमूटपणे मागे सरकत बाहेर पडले.

आता ती एकटीच होती. तळहाताला घाम सुटला, खोड निसटू लागलं. एक माशी मनगटावर बसली आणि चालत कोपरापर्यंत आली. चावली तर हात सुटणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. अण्णांची चाहूलही लागेना.

मग पानं बाजूला झाली. डोक्यावरून जाड चादर घेतलेले अण्णा दोरी घेऊन परत आत येत होते.

"जा ना हो," ती रडवेली होऊन म्हणाली.

त्यांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. कापलेलं खोड मधल्या खोडाला दोरीने करकचून आवळलं, गाठ ओढून पाहिली आणि तिला चादरीत घेतलं. दोघं इंच इंच मागे सरकत बाहेर आली, घरात शिरली, दार लावलं.

"चावली कुठे?" त्यांनी विचारलं.

तिने मान हलवली, नाही. पण तिची मूठ उघडेना. अण्णांनी तिची बोटं हळूहळू सोडवली, आणि मग त्यांचेच हात असे थरथरायला लागले की तिलाच ते धरून बसावं लागलं.